गर्भाचे ताट आधीच वाढलेले असते

गरोदरपणाची नोंद होते तेव्हा गर्भ दीड-दोन महिन्यांचा झालेला असतो. पण पुढच्या आयुष्याची काही पायाभरणी त्याच्या पहिल्या आठवड्यातच होते, असे मूलपेशी आणि चयापचय यांवरचे संशोधन सांगू लागले आहे. यातला मोलाचा पुरावा मुंबईचा आणि पुण्याचा आहे. आपल्या योजना आणि आपली घरे मात्र अजून उशिरा जागी होतात.

आपल्याकडे बाईच्या खाण्यापिण्याची विचारपूस सुरू होते ती तिला दिवस गेल्याचे कळल्यावर. तोपर्यंत तिने काय खाल्ले, किती खाल्ले, सगळ्यांची जेवणे झाल्यावर तिच्या वाट्याला भाजी उरली की नुसता रस्सा, याची दखल घरात सहसा कोणी घेत नाही. पाळी चुकते, आठ-पंधरा दिवस वाट पाहण्यात जातात, मग औषधाच्या दुकानातून चाचणीची पट्टी येते, मग दवाखाना आणि मग नोंदणीचे कार्ड. त्यानंतर मात्र दूध, फळे, डिंकाचे लाडू, लोहाच्या गोळ्या असा सगळा सरंजाम हजर होतो. सासूबाई आग्रह करतात, नवरा येताना शहाळे घेऊन येतो.

हे सगळे चांगलेच आहे. परंतु भ्रूणशास्त्रातले अलीकडचे संशोधन या सरंजामाला एक अवघड प्रश्न विचारते. पंगत बसून गेल्यावर तुम्ही पाने मांडायला घेतलीत का?

मी नाहूरला राहते. भांडुप आणि मुलुंड यांच्या मधले हे लहानसे स्टेशन. जलद गाड्या येथे थांबत नाहीत. परिसरातल्या कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, आणि जवळच भांडुपच्या डोंगरउतारावरच्या वस्त्या आहेत तशाच आहेत. टॉवरमध्ये तिशी ओलांडलेल्या जोडप्यांच्या तोंडी 'आयव्हीएफ' हा शब्द असतो. वस्तीतून धुणीभांडी करायला येणाऱ्या मुलींच्या बाबतीत डॉक्टर बोलतात ते हिमोग्लोबिनविषयी. दोन्ही काळज्या एकमेकींपासून फार लांबच्या वाटतात. पण दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे : अगदी सुरुवातीच्या गर्भाला जेवायला काय मिळते?

सात दिवसांची शिदोरी

बीजांड आणि शुक्राणू यांचे मीलन गर्भनलिकेत होते. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. पहिले तीन-चार दिवस हा इवलासा गोळा नलिकेतून गर्भाशयाकडे सरकत असतो. त्याला नाळ नसते, आईच्या रक्ताशी थेट संबंध नसतो. तो जगतो तो बीजांडाने बरोबर आणलेल्या शिदोरीवर आणि नलिकेत पाझरणाऱ्या द्रवावर. तो द्रव आईच्या शरीरातूनच येतो, आणि शिदोरी भरली जाते ती बीजांड पक्व होत असताना. पक्व होण्याचा हा शेवटचा टप्पा सुमारे तीन महिन्यांचा असतो. म्हणजे गर्भाचे पहिले जेवण गर्भ राहण्याच्या तीन महिने आधीपासून शिजत असते.

हे जेवणही मोठे चोखंदळ आहे. साखर म्हणजे शक्ती, असे आपण समजतो. पण पहिल्या दोन दिवसांतल्या गर्भाला ग्लुकोजचा फारसा उपयोग करता येत नाही. त्याला लागते पायरुव्हेट, म्हणजे ग्लुकोजचे विघटन होताना तयार होणारा एक साधा पदार्थ. अमेरिकेत राल्फ ब्रिन्स्टर आणि त्यांच्या समकालीन शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात उंदरांच्या गर्भांवर प्रयोग करून हे दाखवून दिले. मानवी गर्भाची स्वतःची जनुके तिसऱ्या दिवसाच्या सुमाराला खऱ्या अर्थाने कामाला लागतात. पेशी एकमेकींना घट्ट बिलगतात आणि मग ग्लुकोजची भूक वाढते. तान्ह्या बाळाला आधी दूध, मग पेज आणि मग मऊ भात, तसाच हा क्रम आहे.

पाचव्या दिवशी गर्भाचे दोन भाग स्पष्ट दिसू लागतात. बाहेरच्या थरातून पुढे वार तयार होते. आत पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. मेंदू, हृदय, हाडे, सारे शरीर या पुंजक्यातून घडते. याच पेशी बाहेर काढून वाढवल्या की त्यांना भ्रूणातील मूलपेशी म्हणतात, ज्यांना आपण वर्तमानपत्रांत 'स्टेम सेल' या नावाने ओळखतो. उंदराच्या अशा पेशी १९८१ मध्ये प्रथम वेगळ्या काढता आल्या, माणसाच्या १९९८ मध्ये, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांच्या प्रयोगशाळेत.

परळची बशी

या विषयाशी मुंबईचे नाते जुने आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात हर्षा या मुलीचा जन्म झाला तेव्हा 'टेस्ट ट्यूब बेबी' हा शब्द घराघरांत पोहोचला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या परळमधील प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या सहकार्याचे ते फळ होते. त्याआधी १९७८ साली कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी हेच साधले होते. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे त्यांच्या कामाच्या नोंदी तपासून, पहिला मान त्यांचा आहे, असे १९९७ मध्ये जाहीरपणे लिहिले ते याच आनंदकुमारांनी. विज्ञानातल्या सचोटीचे हे उदाहरण मुंबईकरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

टेस्ट ट्यूब हे केवळ नाव. प्रत्यक्षात गर्भ वाढतो तो उथळ बशीत, एका द्रवात. हा द्रव म्हणजे गर्भनलिकेतल्या द्रवाची माणसाने केलेली नक्कल. त्यात पायरुव्हेट किती, ग्लुकोज किती, अमिनो आम्ले कोणती, हे ठरवणे म्हणजे गर्भाचा स्वयंपाक करणे होय. हा स्वयंपाक बदलला तर काय होते, याची मोठी चाचणी नेदरलँड्समध्ये झाली. सहा केंद्रांतल्या ८३६ जोडप्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करण्यात आली आणि प्रत्येक गटाच्या गर्भांसाठी वेगळा द्रव वापरण्यात आला. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका द्रवात वाढलेल्या गर्भांपासून झालेल्या मुलांचे जन्मवजन दुसऱ्या गटापेक्षा सरासरी १५८ ग्रॅमने कमी भरले. पुढचे नऊ महिने ही सगळी मुले आपापल्या आईच्याच पोटात होती. फरक होता तो पहिल्या काही दिवसांच्या ताटात.

पेशींची भूक

असे का व्हावे? येथे मूलपेशींचा उपयोग होतो. गर्भाच्या आतल्या पुंजक्याची भूक कशी चालते, हे बशीतल्या मूलपेशींवरून तपासता येते. उंदराच्या मूलपेशींच्या द्रवातून थ्रिओनिन हे एकच अमिनो आम्ल काढून घेतले तर त्यांची वाढ थांबते, असे २००९ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये दिसले. इतर अनेक पेशींना त्याच्या टंचाईची एवढी झळ बसत नाही. कारण मूलपेशी ते अन्न केवळ जळणासाठी वापरत नाहीत. त्यातून मिथाइल नावाचे रासायनिक गट तयार होण्यास मदत होते, आणि हे गट जनुकांवर व त्यांभोवतीच्या प्रथिनांवर खुणा म्हणून बसतात. कोणते जनुक चालू ठेवायचे, कोणते मिटून ठेवायचे, हे या खुणा ठरवतात. फोलिक आम्ल आणि बी-१२ या आपल्या ओळखीच्या जीवनसत्त्वांचे कामही याच साखळीत आहे. उलट बाजूने, पेशीच्या ऊर्जाचक्रातलाच अल्फा-कीटोग्लुटारेट हा पदार्थ अशा खुणा पुसायला मदत करतो, असे २०१५ मधल्या संशोधनाने दाखवले.

म्हणजे आपण जे खातो ते गर्भासाठी चुलीतले लाकूड तर आहेच, शिवाय लिहिण्याची शाई आणि खोडायचे रबरही आहे.

लॉस एंजेलिसमध्ये उत्पल बॅनर्जी यांच्या गटाने २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आणली. एरवी पेशीच्या ऊर्जाकेंद्रात काम करणारी काही विकरे, गर्भाची जनुके जागी होण्याच्या नेमक्या वेळी थोड्या काळापुरती पेशीकेंद्रात जातात. पायरुव्हेट मिळाले नाही तर हे घडत नाही आणि उंदराचा गर्भ दोन पेशींवरच अडून बसतो. बर्लिन आणि व्हिएन्ना येथील शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये दाखवले की पोषणाची चाहूल घेणारी एमटॉर नावाची यंत्रणा मंद केली तर मानवी गर्भाचीही वाढीची गती या टप्प्यावर धीमी होते, आणि यंत्रणा पूर्ववत केली की वाढ पुन्हा सुरू होते. मानवी गर्भाची ही यंत्रणा एखाद्या जाणत्या गृहिणीसारखी आहे. डब्यात किती आहे ते पाहून ती चालीचा वेग ठरवते.

बशीतून घरात

प्रयोगशाळेतल्या बशीवरून थेट माणसाच्या संसारावर उडी घेणे धोक्याचे असते. म्हणून मधल्या पायऱ्या तपासायला हव्यात. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनच्या शास्त्रज्ञांनी २००० साली गाभण उंदरिणींना पहिले सव्वाचार दिवसच प्रथिने कमी असलेला आहार दिला. त्यानंतर नेहमीचे अन्न. तरीही गर्भातल्या पेशींची संख्या घटली आणि पुढे पिलांमध्ये जन्मवजनापासून रक्तदाबापर्यंत बदल दिसले. माणसांमध्ये असा प्रयोग कोणी करणार नाही. पण युद्धाने तो केला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या एका वाढीच्या जनुकावर मिथाइलच्या खुणा साठ वर्षांनंतरही कमी आढळल्या. ज्यांच्या आयांना हा दुष्काळ गरोदरपणाच्या शेवटी भोगावा लागला, त्यांच्यात हा फरक नव्हता.

आता आपल्या घरी येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ च्या सुमारास पुण्याजवळच्या सहा गावांत एक पाहणी हाती घेतली. तिचे वैशिष्ट्य असे की स्त्रियांची नोंद गरोदर होण्यापूर्वीपासून ठेवली गेली. तेथील बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो होते, इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. पण वजनाने हलक्या या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त होती. 'दिसायला बारीक, आतून लठ्ठ' असे हे भारतीय बाळ जगभरच्या वैद्यकीय साहित्यात पोहोचले आहे. मधुमेह आपल्याकडे तरुण वयात आणि सडपातळ माणसांनाही का गाठतो, याचा एक धागा येथे सापडतो. या आयांपैकी दोन तृतीयांश जणींत बी-१२ कमी होते. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी याच पाहणीतून दाखवले की ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत होत्या, त्यांची बाळे चांगल्या वजनाची होती.

हा धागा मुंबईने पुढे नेला. डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ पासून वांद्रे, खार, सांताक्रूझ, अंधेरी या उपनगरांतल्या झोपडपट्ट्यांत 'सारस' नावाचा प्रकल्प चालवला. ६,५१३ स्त्रिया सहभागी झाल्या. एका गटाला पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ, दुसऱ्या गटाला बटाटा-कांदा अशा साध्या पदार्थांचा खाऊ. तोही गर्भ राहण्यापूर्वीपासून बाळंतपणापर्यंत. निकाल प्रामाणिकपणे सांगायला हवा. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर जन्मवजनात फरक पडला नाही. मात्र ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेतला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने वाढले. अतिशय कृश स्त्रियांच्या बाळांना हा लाभ दिसला नाही. बहुधा त्यांची उपासमार एका खाऊने भरून निघण्यापलीकडची होती. गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्के इतके कमी आढळले.

४८ ग्रॅम म्हणजे फार नाही, असे कोणी म्हणेल. मला त्या आकड्यापेक्षा 'तीन महिने' हे शब्द महत्त्वाचे वाटतात. बीजांडाची शिदोरी भरायला लागणारा काळही तेवढाच आहे.

हे ज्ञान कोणाच्या देणगीतून आले?

मानवी गर्भाविषयी जे कळले, ते मुख्यतः जोडप्यांनी दान केलेल्या, उपचारानंतर उरलेल्या गर्भांमुळे. २००१ साली अमेरिकी सरकारने संशोधनासाठी मान्य केलेल्या ६४ मानवी मूलपेशी-वंशांच्या यादीत सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे आणि तीन बंगळूरच्या एनसीबीएसचे होते. परळच्या त्याच प्रजनन संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय आणि सहकाऱ्यांनी डॉ. हिंदुजांच्या सहकार्याने 'काइंड-१' आणि 'काइंड-२' हे दोन वंश तयार केले. ते संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता हा प्रश्न आपल्या इमारतींपर्यंत आला आहे. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा २०२१ चा कायदा सांगतो की गोठवलेले गर्भ दहा वर्षांपेक्षा जास्त ठेवता येणार नाहीत. मुदत संपल्यावर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संस्थेला संशोधनासाठी द्यायचे. ओळखीतल्या एका जोडप्याला दवाखान्याकडून दरवर्षी साठवणुकीच्या पैशांचे पत्र येते. मुलगी शाळेत जाऊ लागली आहे, दुसरे मूल नको आहे. संशोधनाचा पर्याय असतो हे त्यांना माझ्याकडून कळले. सुरुवातीला सही केलेला इंग्रजी फॉर्म त्यांनी वाचलाच नव्हता, कोणी वाचूनही दाखवला नव्हता. "ते काय करतील त्याचे?" एवढेच त्या बाईंनी विचारले. हा प्रश्न विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, आणि मराठीत त्याचे उत्तर मिळण्याचाही. भारतातल्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मानवी गर्भ प्रयोगशाळेत चौदा दिवसांच्या पुढे वाढवता येत नाही, त्याची विक्री करता येत नाही, हे तरी त्यांना सांगायला हवे होते. कोणी दान करील, कोणी करणार नाही. दोन्ही निर्णय मानाचे आहेत. पण ते समजून घेतलेले असावेत.

आईला आरोपी करू नका

अशा संशोधनाचा एक मोठा धोका आहे. मूल अशक्त निघाले की 'तूच नीट खाल्ले नाहीस' असे म्हणायला घराला नवे हत्यार मिळते. म्हणून एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. आहार हा अनेक कारणांपैकी एक आहे. वडिलांची प्रकृती, आनुवंशिकता, कामाचे कष्ट, संसर्ग, दोन बाळंतपणांतले अंतर, या सर्वांचा वाटा आहे. वर सांगितलेले फरक सरासरीतले आहेत. एका बाईच्या एका बाळाचे भविष्य त्यावरून कोणी सांगू शकत नाही. शिवाय बाईच्या ताटात काय पडते हे तिच्या एकटीच्या हातात असते कुठे?

दुसरा धोका बाजाराचा. गर्भसंस्काराच्या नावाखाली पावडरी, सीडी, वर्ग यांची दुकाने आधीच थाटलेली आहेत. उद्या 'गर्भधारणापूर्व मूलपेशी-पोषण' असा डबाही विकायला येईल. 'सारस'च्या खाऊत होते ते मेथी-पालकाच्या जातीचे, मंडईत मिळणारे आणि घरात शिजणारे जिन्नस. शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ कडे लक्ष द्यावे लागते. दुधा-दह्यातून ते काही प्रमाणात मिळते. कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने साधी गोळी पुरते. फोलिक आम्लाचे तर केव्हाच सिद्ध झाले आहे. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते, म्हणजे बहुतेक वेळा गरोदरपण नीट कळण्याच्या आत. आधी असा दोष असलेले मूल झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून फोलिक आम्ल दिल्यास तो पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो, हे १९९१ मध्येच ब्रिटिश चाचणीने दाखवले.

आणि तिसरी गोष्ट सरकारची. अंगणवाडीचा पूरक आहार गरोदर आणि स्तनदा मातांना आहे, मातृवंदना योजनेचे पैसे गर्भाची नोंदणी झाल्यावर आहेत, आदिवासी भागात अमृत आहार योजनेचे चौरस जेवणही गरोदर झाल्यावरच. नुकत्याच लग्न झालेल्या, अजून दिवस न गेलेल्या मुलीसाठी कागदावर आठवड्याची लोह-फोलिक गोळी आहे. ती तिच्या हातात कितपत पडते, हे आपापल्या कामवाल्या बाईंना विचारून पाहावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता.

उपाय फार खर्चिक नाही. आरोग्यसेविकांकडे 'पात्र जोडप्यां'ची नोंदवही पूर्वीपासून असते. कुटुंब नियोजनासाठी ती ठेवली गेली. त्याच वहीत लग्नानंतरच्या पहिल्या भेटीत हिमोग्लोबिनचा आणि वजनाचा एक रकाना घालता येईल. फोलिक आम्ल आणि गरज असेल तर बी-१२ तेव्हापासून देता येईल. अतिकृश मुलींना अंगणवाडीचा आहार गरोदर होण्याची वाट न पाहता सुरू करता येईल. आयव्हीएफ केंद्रांनी पहिल्या भेटीपासून तीन महिन्यांचा आहार आणि जीवनसत्त्वांची तपासणी उपचाराचाच भाग मानावी. अर्थात मूल हवे की नको, केव्हा हवे, हा निर्णय त्या मुलीचाच राहील. नोंदवहीने तिच्यावर पहारा ठेवू नये. तिला चांगले खायला मिळावे ते ती पुढे कोणाची तरी आई होईल म्हणून नव्हे, तर तीही माणूस आहे म्हणून. आई होण्याचे तिने ठरवलेच, तर त्या खाण्याचा फायदा दोन पिढ्यांना होईल.

घरापुरते बोलायचे तर यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहायला नको. घरात नवीन सून आली की ओटी भरतात. तिच्या ताटात पहिल्या दिवसापासून भाजीची मूद इतरांएवढीच पडावी, आणि ती इतरांबरोबरच जेवायला बसावी.